विरामाचे संकलन : 'कोर्ट' आणि यंत्राचे साहाय्य

दृश्य किती काळ टिकवावे, हा संकलनातील मूलभूत निर्णय होय. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात संकलक रिखव देसाई यांनी तो वारंवार विलंबाच्या बाजूने घेतला आहे. उन्हाळी सुटीपूर्वी न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात, तरी दृश्य तुटत नाही. त्या अंधारातच न्यायव्यवस्थेवरील भाष्य घडते.

हा निर्णय आता यंत्राकडेही सोपविता येतो. २०२३ पासून प्रीमियर प्रोसारख्या प्रणालीत कृत्रिम बुद्धिमत्ता संभाषणाचा मजकूर तयार करते व त्यातील विराम एकगठ्ठा वगळता येतात. शहापूर तालुक्यातील आटगावसारख्या गावातील विद्यार्थ्यास हे साहाय्य उपकारक आहे, हे नाकारता येणार नाही. त्यामुळे तांत्रिक श्रम वाचतात. परंतु यंत्र विरामाला केवळ रिकामी जागा मानते. कातकरी वृद्धेच्या मुलाखतीत उत्तरापूर्वीचे मौन हेच उत्तर असू शकते. ते वगळल्यास साक्ष अपुरी राहते.

म्हणून अध्यापकांनी विद्यार्थ्याकडून प्रथम स्वतंत्र संकलन करवून घ्यावे, नंतर ते यंत्राच्या संकलनाशी ताडून प्रत्येक फरकाचे कारण लेखी मागावे. संकलनाचे खरे शिक्षण या कारणमीमांसेत आहे.