मासा जातो कुठे, दमा असतो कुठे?

मृग नक्षत्र लागले की हैदराबादच्या नामपल्ली प्रदर्शन मैदानावर दम्याच्या रुग्णांच्या रांगा लागतात. बथिनी कुटुंबातील मंडळी पिवळसर औषध भरलेला लहानसा जिवंत मरळ मासा रुग्णाच्या घशात सोडतात. त्यासाठी पैसे घेत नाहीत. १८४५ साली एका साधूने हे गुपित पूर्वजांना दिले, असे कुटुंब सांगते. कोविडमुळे २०२० पासून पडलेला खंड २०२३ मध्ये संपला.

आमच्या सोलापूरला हैदराबाद परके नाही. इथल्या पद्मशाली समाजाच्या घरांत तेलुगू बोलली जाते, नातीगोती तिकडे आहेत. यंत्रमागावरची सुताची धूळ आणि विड्यांच्या तंबाखूची धूळ छातीत घेणारे कामगारही याच गावात आहेत. म्हणून हा दावा तपासून पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

मासा वळवळत जाताना कफ मोकळा करतो, असे म्हणतात. पण गिळलेला मासा अन्ननलिकेतून जठरात जातो. दम्यात सूज येते ती फुप्फुसातील बारीक श्वासनलिकांना. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट स्राव साचतो आणि हवा अडते. तिथे मासा पोचतच नाही. पोचला तर रुग्ण गुदमरेल. शिवाय शाकाहारी रुग्णांना हेच औषध गुळातून देतात. मग वळवळण्याचे महत्त्व ते काय राहिले?

तर मग ‘मला गुण आला’ म्हणणारे खोटे बोलतात काय? मुळीच नाही. दमा आपणहून कमीजास्त होतो. माणूस प्रवासाला निघतो तो त्रास वाढल्यावर. त्यानंतरचा उतार माशाच्या खात्यावर जमा होतो. उपचार ओळीने तीन वर्षे घ्यायचा असतो. तेवढ्या काळात अनेक मुलांचा दमा वयाबरोबरच सौम्य होतो. ४५ दिवसांचे पथ्यही असते. गुण आला नाही तर दोष पथ्य मोडणाऱ्याचा! आणि निराश झालेले पुन्हा रांगेत दिसत नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?

खरी परीक्षा अवघड नाही. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकाला औषध, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण औषध नसलेला लेप द्यावा. कोणाला काय दिले हे रुग्णाला व तपासणाऱ्याला कळू नये. मग काही महिने दोघांच्या श्वासाचा जोर यंत्राने मोजावा. घटक गुप्त ठेवले तर औषधाची अशी पारख इतरांनी करायची कशी? विवेकवादी मंडळींनी आक्षेप घेतल्यावर ‘औषध’ हा शब्द मागे पडून ‘प्रसाद’ आला. प्रसाद श्रद्धेने घ्यावा, त्याला आमची हरकत नाही. पण दमा जातो म्हटले की त्याला औषधाचीच कसोटी लावली पाहिजे.

नियमित घ्यायचा स्टिरॉइडचा पंप श्वासनलिकांची सूज उतरवतो. तो दमा आटोक्यात ठेवतो, मुळासकट घालवत नाही, आणि डॉक्टर ते प्रामाणिकपणे सांगतात. त्यामुळेच ‘कायमचा बरा’ हे आश्वासन गोड वाटते. त्या भरवशावर पंप बंद केला, तर पुढचा झटका जीवघेणा ठरू शकतो.

शिक्षकांनी श्वसनसंस्थेचा पाठ शिकवताना फळ्यावर दोन्ही नलिका काढाव्यात आणि मासा कोणत्या वाटेने जातो, हे मुलांनाच विचारावे. वर्गात एखादे धापणारे मूल असेल, तर त्याचा पंप दप्तरात आहे ना, हेही पाहावे.