मोजणीचा रस्ता आणि वळलेली वाट

विला कॅथर यांच्या १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माय आंतोनिया’ या कादंबरीवर ‘मातीची कादंबरी’ असा शिक्का बसून फार वर्षे झाली. हा शिक्का खोटा आहे असे नव्हे. परंतु तो इतका व्यापक आहे की त्याने विशेष काहीच सांगितले जात नाही. नांगर, पीक, दुष्काळ, कष्टाळू स्त्री ही सामग्री कोणत्याही कृषिप्रधान देशाच्या कादंबरीत सापडते. नेब्रास्काच्या गवताळ पठारावर, ज्याला तिकडे प्रेअरी म्हणतात, जे घडले आणि अन्यत्र घडले नाही ते या कादंबरीत नेमके कोठे उमटले आहे, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर मातीत नसून मातीवरून गेलेल्या रस्त्यांत आहे.

निवेदक जिम बर्डन हा दहा वर्षांचा पोरका मुलगा व्हर्जिनियातून आजोळकडल्या नव्हे, वडिलांकडल्या आजी-आजोबांकडे नेब्रास्काला येतो. रात्री आगगाडीतून उतरल्यावर बैलगाडीसारख्या खडखडणाऱ्या गाडीत तो गवतावर आडवा पडून जातो. पांघरलेले कातडे बाजूला सारून पाहतो, तर कुंपण नाही, झाड नाही, टेकडी नाही. रस्ता असलाच तर तो चांदण्यांच्या अंधूक उजेडात त्याला ओळखू येत नाही. स्वतः कॅथरबाई १८८३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, याच मार्गाने व्हर्जिनियाहून नेब्रास्कातील वेब्स्टर परगण्यात आल्या होत्या, तेव्हा हा अनुभव उसना नाही. पण महत्त्वाचे ते त्याचे साहित्यिक पर्यवसान. आपल्या साहित्यात वाटेचे वर्णन करणारा माणूस नेहमी वाटेहून वयाने लहान असतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तरुण मास्तर पायी वाडीला निघतो, तेव्हा ती पाऊलवाट कोणी पाडली हा प्रश्न ना त्याच्या मनात येतो, ना वाचकाच्या. पूर्वजांच्या पायांखाली ती मळलेली आहे, एवढे पुरते. जिम बर्डन मात्र आपल्या प्रदेशातील रस्त्यांहून वयाने मोठा आहे. रस्ता नव्हता तो दिवस त्याने पाहिला, रस्ता झाला तो पाहिला, आणि जुना रस्ता नांगरटीखाली गेला तोही पाहिला. एका माणसाच्या आयुष्यात हे तिन्ही अंक पुरे व्हावेत, ही प्रेअरीची खरी विलक्षणता आहे.

हे कसे घडले ते समजण्यासाठी जमीनमोजणीची थोडी माहिती हवी. अमेरिकेत १७८५ च्या कायद्याने सरकारी जमीन चौकोनांत मोजण्याची पद्धत सुरू झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप. त्याचे प्रत्येकी एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, छत्तीस सेक्शन. आणि सेक्शनचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर, जे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला मिळू लागले. ओढा कोठे आहे, चढ कोठे आहे, याची ही मोजणी दखल घेत नाही. पुढे कुंपणे पडली तेव्हा सार्वजनिक रस्ते बहुधा या सेक्शनच्या सीमारेषांवरूनच नेण्यात आले. आपल्याकडे शेताची हद्द बांधाने ठरते आणि बांध वाकडा असण्यात कोणाला नवल वाटत नाही. तेथे आधी रेषा, मग मालक, मग रस्ता आणि शेवटी गाव, असा उलटा क्रम आहे. गंमत अशी की पृथ्वी गोल असल्यामुळे हे चौकोन उत्तरेकडे नीट जुळत नाहीत. म्हणून ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा आखावी लागते, आणि नाकासमोर जाणारा रस्ता तेथे अकस्मात बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. भूमितीला स्वतःसाठी एवढी सवलत घ्यावी लागली. माणसासाठी सवलत द्यायची की नाही, हा कॅथरबाईंचा विषय आहे.

त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या लेखकांनी या रस्त्यांकडे पाहिले नाही असे नाही. हॅम्लिन गार्लंड यांच्या १८९१ च्या कथासंग्रहाचे नावच ‘मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स’. उन्हाळ्यात धूळ, पावसाळी दिवसांत चिखल, हिवाळ्यात बर्फ; एका टोकाला कंटाळवाणे गाव आणि दुसऱ्या टोकाला कष्टाचे घर, अशी त्यांच्या रस्त्याची कल्पना आहे. यादवी युद्धातून परतलेला आजारी सैनिक पायी घर गाठतो ती त्यांची कथा वाचताना या रस्त्याचे ओझे खांद्यांवर जाणवते. ती प्रामाणिक कथा आहे; तथापि गार्लंड यांचा रस्ता अखेर दारिद्र्याचा पुरावा म्हणूनच साक्षीला उभा राहतो. सिंक्लेअर ल्युइस यांच्या ‘मेन स्ट्रीट’मध्ये (१९२०) शहरातून आलेली कॅरल बत्तीस मिनिटांत सगळे गोफर प्रेअरी गाव पायांखाली घालते आणि खचून जाते, त्याच वेळी शेतावरून नोकरीसाठी आलेली बी ही मुलगी तोच रस्ता पाहून हरखते. दोन नजरांचा हा जोडप्रसंग त्या कादंबरीतील सर्वोत्तम भाग होय. पुढे मात्र लेखक कॅरलच्या नजरेशीच अधिक रमतो, आणि उपहास लांबत जातो.

आता ‘माय आंतोनिया’तील त्या थडग्याकडे वळू. आंतोनियाचे वडील शिमेर्दा हे बोहेमियातून आलेले विणकर, फिडल वाजवणारे, सुसंस्कृत गृहस्थ. पहिल्याच हिवाळ्यात, घर नाही, भाषा नाही, अशा अवस्थेत ते गोठ्यात स्वतःवर गोळी झाडून घेतात. आत्महत्या केलेल्याला पुरायचे कोठे? कॅथलिक दफनभूमी जवळपास नाही, आणि शेजारच्या नॉर्वेजियन वसाहतीचे चर्च सभा भरवून नकार देते. विधवा आणि मोठा मुलगा हट्ट धरतात की आपल्याच जमिनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मोजणीची खुंटी जेथे ठोकली आहे तेथेच पुरायचे. आजोबा समजावतात की एक दिवस या जमिनींना कुंपणे पडतील, रस्ते सेक्शनच्या रेषांवर येतील, आणि दोन रस्ते नेमके या कोपऱ्यावर एकमेकांना छेदतील. बाई ऐकत नाही. आत्महत्या करणाऱ्याला चौरस्त्यावर पुरावे अशी काही जुनी समजूत तुमच्याकडे आहे काय, असे आजोबा येलिनेक नावाच्या तरुण बोहेमियनाला विचारतात. पूर्वी तसे ऐकल्याचे त्याला अंधुक आठवते. तिठ्यावर उतारा ठेवलेला पाहून बगल देऊन जाणाऱ्या आपल्या लोकांना ही समजूत परकी वाटू नये.

या ठिकाणी आजोबा एक वाक्य बोलतात, त्याचा भावार्थ असा, की या मुलखातले लोक त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गाड्या हाकतील अशी जर बाईची कल्पना असेल, तर ती चुकली आहे. येथे कोणी भाषण करीत नाही. कायदा बदलावा अशी मागणी नाही, अर्ज नाही, पंचायत नाही. कॅथरबाई आपल्याला एकदम पुष्कळ वर्षे पुढे नेतात. लाल गवत नांगरून नाहीसे झाले आहे, कुंपणे पडली आहेत, रस्ते रेषांवर आले आहेत. आणि थडगे जागेवरच आहे. उत्तरेकडून येणारा रस्ता तेथे किंचित पूर्वेला कलतो, पश्चिमेकडून येणारा थोडा दक्षिणेला सरतो, आणि मध्ये न कापलेल्या उंच गवताचे एक बेट राहते. साऱ्या मुलखात हीच जागा जिमला सर्वांत प्रिय आहे.

पुष्कळ टीकाकार हा उतारा काव्यमय म्हणून उद्धृत करतात आणि पुढे जातात. माझ्या मते येथे काव्याहून निराळे काही आहे. ही वस्ती निरनिराळ्या देशांतून आलेल्या माणसांची आहे: बोहेमियन, नॉर्वेजियन, रशियन, व्हर्जिनियाचे प्रॉटेस्टंट. त्यांची भाषा एक नाही, पंथ एक नाही, आणि एका पंथाने तर प्रेताला जागा नाकारलेली आहे. तरी कोणी न सांगता, कोणी ठराव न करता, प्रत्येक गाडीवान बैल किंवा घोडे जरा बाजूला घेतो. ते वळण हेच त्या समाजाचे पहिले सामाईक कृत्य आहे. चर्चने दिली नाही ती जागा रस्त्याने दिली. समाज कोठे जन्मला हे दाखवण्यासाठी दुसऱ्या कादंबरीकाराने सभा भरवली असती, शाळा उघडली असती, जत्रा रंगवली असती. कॅथरबाईंनी दोन रस्ते काही पावले वाकवले. ‘मातीची कादंबरी’ या शिक्क्याखाली हेच झाकले जाते. माती कोणालाही पोटात घेते, त्यात तिचे काही कर्तृत्व नाही. गाडी बाजूला घ्यायची की नाही हे मात्र माणसाला ठरवावे लागते.

शेवटच्या प्रकरणात जिम प्रौढ होऊन परततो. ब्लॅक हॉक गावात जुनी माणसे उरलेली नाहीत, दिवस रिकामा जातो, म्हणून तो गावाबाहेर उत्तरेला, कधीच न नांगरलेल्या खडबडीत कुरणाकडे चालत जातो. तेथे त्याला त्या पहिल्या रात्रीच्या रस्त्याचा अर्धाएक मैलाचा तुकडा सापडतो. मोजणीपूर्वीचा तो रस्ता उंचवट्यांना धरून, कुत्री मागे लागलेल्या सशासारखा वळणे घेत जात असे. सपाटीवर त्याच्या खुणा जवळजवळ पुसल्या आहेत. उतारावर मात्र चाकांच्या चाकोऱ्यांतून पावसाचे पाणी वाहून त्या इतक्या खोल गेल्या आहेत की गवताने त्या पुन्हा भरून काढल्या नाहीत. हे निरीक्षण ज्याने गाडीवाट पाहिली आहे त्याला तत्काळ पटेल. पण याच ठिकाणी जिम त्या वाटेला नियतीचा मार्ग म्हणतो, तेव्हा लेखिकेचा हात जरा जड झालासे वाटते. चाकोरीने जे सांगितले त्याला इतक्या मोठ्या शब्दाची जोड नको होती.

दोन आक्षेप मात्र यापेक्षा गंभीर आहेत. पहिला असा की वळणाऱ्या वाटेवर प्रेम करणारा हा जिम प्रत्यक्षात एका मोठ्या पश्चिमी रेल्वे कंपनीचा वकील आहे. लोहमार्गाने आणि मोजणीच्या रेषेने जे पुसले त्याचा शोक तो करतो, आणि वेतन मात्र पुसणाऱ्यांकडून घेतो. कॅथरबाईंनी हा विरोध प्रास्ताविकातच मांडून ठेवला आहे, त्यामुळे तो त्यांच्या नजरेतून निसटला असे म्हणता येणार नाही. परंतु जिमला त्याचा जाब कोठेही द्यावा लागत नाही. दुसरा आक्षेप याहून खोल आहे. कादंबरीत एका ठिकाणी गवतात उमटलेले एक मोठे वर्तुळ दिसते. तेथे इंडियन लोक घोडे दौडवीत असत असे सांगतात, आणि पहिल्या हलक्या हिमपातानंतर ते स्पष्ट उठून दिसते. जिमला तो शुभशकुन वाटतो. कोणाचे घोडे, ते लोक गेले कोठे, हे तो विचारीत नाही. पॉनी जमातीला १८७० नंतरच्या दशकात नेब्रास्का सोडून इंडियन टेरिटरीत जावे लागले. म्हणजे कॅथर कुटुंब तेथे उतरले तेव्हा त्या गोष्टीला दहा वर्षेही झाली नव्हती. ज्या खऱ्या गावावरून ब्लॅक हॉक रचले गेले त्याचे नाव रेड क्लाउड, हे एका लाकोटा नायकाचे; आणि कादंबरीतील नाव १८३२ साली लढलेल्या सॉक नायकाचे. नावे ठेवली, माणसे हलवली. एका बोहेमियन म्हाताऱ्याच्या थडग्यासाठी रस्ता वळवणाऱ्या समाजाने त्या वर्तुळावरून नांगर फिरवला, आणि लेखिकेची करुणा त्या कडेशी येऊन थांबली, हे नोंदवले पाहिजे. एवढ्याने थडग्याचा प्रसंग खोटा ठरत नाही. त्याची मर्यादा तेवढी ठरते.

सीमेपलीकडे कॅनडात वॉलेस स्टेग्नर यांचे बालपण १९१४ ते १९२० या काळात सस्कॅचेवानमधील ईस्टएंड गावी गेले. ‘वुल्फ विलो’ या १९६२ च्या पुस्तकात त्यांनीही कोऱ्या गवतावर आपल्या कुटुंबाच्या पायांनी पडलेल्या वाटांविषयी ममत्वाने लिहिले आहे. पण ते कुटुंब टिकले नाही, आणि वाटाही टिकल्या नाहीत, हे ते लपवीत नाहीत. आज त्या प्रदेशांत पुष्कळ ठिकाणी लहान गावे ओस पडली आहेत. घोडागाडीच्या एका दिवसाच्या खेपेच्या हिशेबाने लोहमार्गावर उभारलेली धान्याची उंच कोठारे मालमोटारी आल्यावर अनावश्यक ठरली. रेषेवरचे रस्ते मात्र तसेच चौकोन पाडीत जातात.

ही कादंबरी मराठीत सांगताना एक अडचण येते, ती सांगण्याजोगी आहे. मूळ इंग्रजीत थडग्यापाशी वळणाऱ्यालाही आणि कुरणात सापडलेल्या जुन्यालाही ‘रोड’ हा एकच शब्द आहे. मराठीत वाट ‘पडते’, रस्ता ‘करतात’ आणि सडक ‘बांधतात’. क्रियापदेच कर्ता निरनिराळा सांगतात. सेक्शनच्या रेषेवरचा तो रस्ता, कुरणातली ती वाट, याबद्दल संशय नाही. थडग्यापाशी मात्र केलेला रस्ता काही पावलांपुरता पुन्हा वाट होतो, आणि तेथे शब्दही बदलावा असे मला वाटते. शेवटच्या अर्ध्या मैलासाठी ‘चाकोरी’ हाच अचूक शब्द आहे, पण लाक्षणिक अर्थाने तो इतका झिजला आहे की वाचकाला त्यात कंटाळवाणी दिनचर्याच दिसते. मी शाळेतल्या वरच्या वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा या शब्दाला मुले हसतात. मग फळ्यावर दोन समांतर वाकड्या रेषा काढून, ही चाकांची खूण, असे सांगून पुढे जावे लागते.