ग्रंथपालाच्या तेवीस गोष्टी

ग्रंथपालाने महाजालावरील सहकारी व सामाजिक साधने कशी शिकावीत, या प्रश्नास अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या शार्लट शहराने २००६ साली एक उत्तर दिले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स या विदुषींनी आपल्या सहकाऱ्यांसाठी नऊ आठवड्यांचा शिक्षणक्रम आखला. तो ‘तेवीस गोष्टी’ या नावाने जगभर ओळखला जातो. पुढे अनेक देशांतील ग्रंथालयांनी तो उचलला. आमच्याकडील ग्रंथपालांपुढेही आज तोच प्रश्न उभा आहे. म्हणून त्या शिक्षणक्रमाचे गुणदोष पारखून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्याची रचना साधी होती. छायाचित्रे मांडण्याचे फ्लिकर, वाचनीय स्थळांच्या खुणा साठविण्याचे डिलिशियस, आपल्या संग्रहाची सूची करण्याचे लायब्ररीथिंग, अनेकांनी मिळून लिहावयाचे विकी अशा साधनांशी एकेक करून ओळख करून घ्यावयाची. समोर शिक्षक नाही, शेवटी परीक्षा नाही. ज्याने त्याने आपल्या सवडीने शिकावे आणि काय उमगले ते स्वतः लिहून ठेवावे. क्रम पुरा करणाऱ्यास खिशात मावेल असे एक संगीतयंत्र बक्षीस मिळे. बक्षिसाने माणूस उंबरठ्यापर्यंत येतो; आत रमविण्याचे काम मात्र त्या मोकळ्या, खेळकर रीतीनेच केले असावे, असे आमचे मत आहे.

या रीतीचे महत्त्व ग्रंथपालाच्या मूळ शिक्षणाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. त्याचे सारे शिक्षण शिस्तीचे. एका ग्रंथास एक क्रमांक आणि फळीवर एक जागा. सामाजिक साधनांत याच्या उलट प्रकार. वाचक आपल्या मनाने पुस्तकास नाव देतो. ग्रंथपालाने ‘लोकगीते’ म्हणून ठेवलेल्या पुस्तकास कोणी ‘धालो’ म्हणेल, कोणी ‘फुगडी’, तर कोणी ‘लग्नातली गाणी’. हा गोंधळ नसून वाचकाच्या स्मरणाची वाट आहे, हे व्याख्यान ऐकून पटत नाही. स्वतःच्या हाताने दहा खुणा चिकटविल्या म्हणजे पटते. २००८ च्या आरंभी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे ३,००० जुनी छायाचित्रे फ्लिकरवर खुली केली, तेव्हा याची प्रचीती आली. स्थळे, व्यक्ती, प्रसंग यांविषयी सामान्य प्रेक्षकांनी पुरविलेली माहिती पडताळून त्याच वर्षात ५०० हून अधिक नोंदी सुधारण्यात आल्या. तज्ज्ञाने पडताळावे आणि लोकांनी सांगावे, ही विभागणी आम्हांस आदर्श वाटते.

येथवर स्तुती झाली. आता दोष सांगितला पाहिजे. या शिक्षणक्रमाने तेवीसही गोष्टी एकाच पंक्तीस बसविल्या. साधन कसे चालते हे शिकविले. परंतु त्यात ठेवलेला ठेवा कोणाच्या कुलपात जातो, या प्रश्नास हवा तेवढा मान दिला नाही. डिलिशियस २००५ साली याहू कंपनीकडे गेले, मग आणखी हातांतून फिरले आणि २०१७ साली केवळ वाचण्यापुरते उरले; नव्या खुणा घेणे बंद झाले. फ्लिकर आजही चालू आहे. तथापि २०१८ साली मालकी बदलल्यावर विनामूल्य खात्यास १,००० चित्रांची मर्यादा पडली. शिकलेले कौशल्य वाया गेले नाही, हे खरे. पण एखाद्या ग्रंथालयाने आपल्या वाचकांकडून वर्षानुवर्षे जमविलेल्या खुणा तेथेच ठेवल्या असत्या, तर त्यांचे काय झाले असते?

विकीची गोष्ट निराळी आहे. विकिपीडियावरील मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. तो कोणासही उतरून घेता येतो, दुसरीकडे नेता येतो. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली अशाच परवान्याखाली खुला केला आणि २०१५ साली कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. ज्या भाषेचे लेखन देवनागरी, रोमी, कन्नड अशा अनेक लिप्यांत विखुरले आहे, तिच्या ग्रंथपालास हे साधन वरदानच होय. एकच ग्रंथनाम तीन लिप्यांत शोधणाऱ्या वाचकांस एका पानावर आणणे एकट्या सूचीकाराच्या आवाक्यातले नाही. ते अनेकांच्या हातांनीच व्हावयाचे.

रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र असे, की ग्रंथालय हा वाढता जीव आहे. शार्लटच्या प्रयोगाने ग्रंथपालास वाढावयास शिकविले, याबद्दल त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि आमच्याकडे कोणी हा शिक्षणक्रम नव्याने रचणार असेल, तर त्याने आणखी एक, चोविसावी गोष्ट जोडावी, अशी आमची सूचना आहे: नवे साधन हाती घेताच त्यातील ठेवा परत कसा काढून घेता येतो, हे प्रथम करून पाहावे आणि त्याची एक प्रत ग्रंथालयातच राखावी. आमच्या वाचनालयांत जुन्या नाट्यसंहिता, कीर्तनाची टिपणे, उत्सवांची छायाचित्रे असतील आणि ती ओळखणारे वृद्ध वाचक अद्याप आपल्यांत असतील, तर त्यांचे बोल टिपून घेण्याचे काम आज सुरू झाले पाहिजे. तो ठेवा एकदा विस्मृतीतून सोडवून पुन्हा परक्या कुलपात ठेवण्यात शहाणपण नाही.