खडूयुगातला काळा दगड

वसईतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'पृथ्वीचा इतिहास' हा तक्ता पाहिला. चित्रे सुबक होती. क्रिटेशस कालखंडाच्या जागी 'खडूयुग' असे लिहिले होते आणि त्याखाली 'भयंकर सरडे'. तक्ता समजावून सांगणाऱ्या मुलीला विचारले, "मग आपल्या तुंगारेश्वरला खडू सापडेल का?" ती गोंधळली. चूक तिची नव्हती, शब्दाची होती.

लॅटिनमध्ये 'क्रेटा' म्हणजे खडू. पॅरिसच्या परिसरातील खडूच्या थरांवरून १८२२ मध्ये एका बेल्जियन भूवैज्ञानिकाने हे नाव रूढ केले. तिथल्या समुद्रात खडू साचला. आपल्याकडे मात्र या कालखंडाच्या अखेरीस आणि त्यानंतरही, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, लाव्हाचे थर पसरत होते. वसईचा काळा दगड त्यांतलाच. ज्युरासिक हे नावही असेच, युरोपातील जुरा पर्वतावरून आलेले. ही नावे कालखंडाचे वर्णन करत नाहीत. ते थर प्रथम कुठे अभ्यासले गेले, एवढेच सांगतात. विरारचे आपण भाषांतर करत नाही, मग यांचे का करावे?

'सरडे' ही चूक अधिक गंभीर. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून 'डायनोसॉर' हे नाव घडवले. त्याचा शब्दशः अर्थ 'भयंकर सरडा' असला, तरी डायनोसॉर सरडे नव्हते. सरड्याचे पाय बाजूला फाकलेले असतात, यांचे शरीराखाली सरळ होते. आज त्यांचे वंशज म्हणजे पक्षी. 'सरडा' म्हटले की मुलाला कुंपणावरचा सरडा दिसतो आणि अंगणातली कोंबडी नजरेआड होते.

तक्ता करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. परके शब्द पाठ करून मुलाच्या हाती नुसता ध्वनी उरतो, हे खरेच आहे. म्हणून सगळेच शब्द जसेच्या तसे उचलावेत असे नाही. 'विष्ठाश्म' पाहा. शब्द फोडला की वस्तू कळते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील विष्ठाश्मांत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले आणि डायनोसॉरांच्या काळातही गवत होते हे कळले. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. 'दख्खनच्या पायऱ्या' म्हटले तर सह्याद्रीच्या उतारावर तो अर्थ डोळ्यांना दिसतो. आणि गोंडांच्या प्रदेशावरून आलेले 'गोंडवन' हे नाव तर साऱ्या जगाने भाषांतर न करता स्वीकारले आहे.

कसोटी साधी आहे. शब्दाचा अर्थ वस्तूवरून पडताळता येत असेल तर भाषांतर करावे; नाहीतर मूळ नाव ठेवून त्याची गोष्ट सांगावी.

तक्त्यातली सर्वांत मोठी उणीव मात्र शब्दांची नव्हती. त्यात वसई कुठेच नव्हती. वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात बेडकांचे आणि कासवाचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच मिळाले होते. कासव हाही सरीसृपच! पुढच्या प्रदर्शनात तक्त्याखाली एक रिकामा रकाना ठेवावा, 'आमच्या गावचा दगड' असा. तो मुलांनी स्वतः दगड आणून भरावा.