नाबोथाचा मळा आणि हक्कसोडपत्र

वसईच्या किनारपट्टीवरील आपल्या समाजाने गेल्या चार दशकांत मराठीत जे लिहिले, त्याचा फार मोठा भाग एकाच घटनेभोवती फिरतो : वाडी गेली. कविता असो, ललितलेख असो वा धर्मग्रामाच्या सणाच्या अंकातील आठवण असो, तिची मांडणी आता वाचकास तोंडपाठ झाली आहे. प्रारंभी आजोबा आणि रहाट. मग केळीची बाग, पानवेलींचे मांडव, उन्हात वाळणारी सुकेळी, पावसाळ्यात तुडुंब भरणारे बावखल. मग मोटारीतून उतरलेला बिल्डर. आणि अखेरीस अंगणातल्या क्रूसावर पडलेली सात मजली इमारतीची सावली. या लेखनाचे आम्ही जुने वाचक आहोत. त्यातील काही रचना कोणत्याही मराठी निवडसंग्रहात शोभतील अशा आहेत. म्हणूनच या परंपरेची थोडी चिकित्सा व्हावी असे आम्हांस वाटते.

प्रथम तिचे ऋण मान्य केले पाहिजे. १९९० साली वसई-विरार परिसरासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि शेतवाड्यांचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होण्याची भीती उभी राहिली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन आणि आपले साहित्य यांत अंतर उरले नव्हते. त्या आंदोलनाचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे दीर्घकाळ ‘सुवार्ता’चे संपादकही होते, हा योगायोग नव्हे. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि २०२४च्या जुलैमध्ये ते निवर्तले. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावे वगळण्याची मागणी घेऊन लोक पुन्हा रस्त्यावर आले. त्यांच्या घोषणांतली भाषा आपल्या कवींनीच आधी घडविलेली होती. एखाद्या लहान समाजाचे साहित्य त्याच्या जमिनीच्या लढ्याला इतके उपयोगी पडल्याची उदाहरणे मराठीत विपुल नाहीत.

परंतु लढ्याला जी भाषा पुरते ती साहित्याला पुरतेच असे नाही. लढ्याला समोर एक प्रतिपक्ष हवा असतो. साहित्याने घराच्या आतही पाहावे अशी अपेक्षा असते.

या लेखनाचा आश्रयदाता पुरुष म्हणजे जुन्या करारातील नाबोथ. राजे यांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायातील ही कथा आपल्या प्रवचनांतून आणि कवितांतून इतकी वापरली गेली आहे की वसईतल्या शाळकरी मुलालाही अहाब राजाचे नाव सांगावे लागत नाही. राजवाड्याला लागून असलेला द्राक्षमळा राजाला हवा असतो. तो बदली मळा देऊ करतो, रोख किंमत देऊ करतो. नाबोथ वाडवडिलांचे वतन विकण्यास साफ नकार देतो आणि खोट्या साक्षींवर दगडमार होऊन मरतो. कथा हृदयद्रावक आहे; मात्र आपल्या प्रसंगाला ती बेतशीर बसत नाही. नाबोथाने मळा विकला नव्हता. आपल्याकडे दडपशाही झाली, फसवणूकही झाली, ते नाकारण्याचे कारण नाही. तरी असंख्य वाड्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, दोन साक्षीदारांसमोर, रीतसर मुद्रांक भरून हस्तांतरित झाल्या आहेत. त्या कागदाच्या तळाशी ज्या सह्या आहेत, त्यांचे साहित्य आमच्या वाचनात अजून आलेले नाही.

याच पवित्र शास्त्रात जमिनीच्या व्यवहाराचे दुसरेही एक प्रकरण आहे, आणि त्याकडे आपल्या कवींचे लक्ष क्वचितच गेले. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात, यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला असताना, संदेष्टा आपल्या चुलतभावाकडून अनाथोथचे शेत विकत घेतो. तेथे किंमत सांगितली आहे : सतरा शेकेल चांदी. ती तागडीत तोलून दिली. खरेदीखत लिहिले, त्यावर मोहोर केली, साक्षीदारांनी सह्या केल्या, आणि एक मोहोरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवल्या. इतका तपशील! संदेष्ट्याच्या ग्रंथाला भाव सांगण्याचा संकोच वाटला नाही. आपल्या वाडीच्या कवितेत मात्र गुंठ्याचा दर कधी येत नाही. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, हे वसईतील प्रत्येक घराला ठाऊक असते, पण कवितेत पाऊल टाकताना ते उंबऱ्याबाहेर ठेवले जाते.

वाडी जाते कशी, हे पाहू गेल्यास बिल्डर येण्याच्या कितीतरी आधी तिचे तुकडे पडलेले दिसतात. बाप निवर्ततो, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात. तीन भावांत वाडी उभी चिरली जाते, कारण प्रत्येकाला रस्त्याला तोंड हवे असते. विहीर सामाईक राहते, आणि सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढावयाचा हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. बावखल मधल्या भावाच्या हिश्श्यात पडते. त्याला घर बांधावयाचे असते, तो ते भरून टाकतो. पावसाचे गोडे पाणी साठवून शेजारच्या विहिरी जिवंत ठेवणारे हे खोलगट तळे एका मुलाच्या लग्नाच्या घाईत बुजते, आणि पुढे विहिरी मचूळ झाल्या की आपण टँकरवाल्यास दोष देतो. (टँकरवाल्याचा दोष आहेच, त्याच्यावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे.) चार हात रुंदीच्या पट्टीत केळी परवडत नाहीत. मग एक भाऊ विकतो, आणि त्याच्या पट्टीतून बिल्डरला आत जाण्याची वाट मिळाली की उरलेल्या दोघांचे भाव ठरविणे बिल्डरच्या हाती जाते. येथे कादंबरीचे सारे साहित्य तयार आहे. कादंबरी नाही.

त्याहून मोठे मौन बहिणींविषयी आहे. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या ख्रिस्ती माणसाची एक तृतीयांश मिळकत विधवेस आणि उरलेली दोन तृतीयांश मुलांस समसमान मिळते. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. केरळात मेरी रॉय यांना हाच हक्क सर्वोच्च न्यायालयातून १९८६ साली मिळवावा लागला. आपल्या हिंदू भगिनींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. आपल्या मुलींना तो कागदावर कितीतरी आधीपासून आहे. आणि तरीही, माहेर तुटू नये म्हणून, भाऊ सणाला बोलावतो म्हणून, आईने डोळ्यांत पाणी आणून सांगितले म्हणून, हक्कसोडपत्रावर सही करून देण्याचा प्रघात घरोघरी आहे. जमीन विकली गेली की त्याच बहिणीला पेढा पोहोचतो. मोशेच्या काळी सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दारात उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागत्या झाल्या. परमेश्वराने त्यांची बाजू घेतली, हे गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नावानिशी नोंदले आहे. आपल्या समाजातील स्त्रियांनी मराठीत उत्तम कविता लिहिली. त्यांच्यापैकी कोणी एकीने त्या पाच जणींना वसईच्या कचेरीच्या पायरीवर उभे केले असते, तर वाडीच्या साहित्याचे स्वरूपच पालटले असते.

घर आतून कसे खचते याचे वस्तुपाठ मराठीत आहेत. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वाडा गिळणारा कोणी परका नाही. तेराव्याचा खर्च, दागिन्यांची वाटणी, मुंबईहून आलेला धाकटा भाऊ, अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर, एवढ्यांतून सारे घडते. चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये (१९०४) खरीददार आहे, पण तो लोपाखिन खलपुरुष नव्हे. ज्या इस्टेटीवर त्याचा बाप भूदास होता तीच तो लिलावात घेतो, आणि बाग तोडून बंगल्यांचे भूखंड पाडण्याची योजना त्याने मालकांना आधीच, त्यांच्या हितासाठी, सांगितलेली असते. वसईच्या वाचकाला हे नाटक परदेशी वाटू नये. आपल्या ख्रिस्ती परंपरेतलेच उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. संसारातील पैशाची ओढाताण आणि बिऱ्हाडांची हलवाहलव त्यांनी ज्या निःसंकोचपणे सांगितली, तो निःसंकोचपणा आपण पुढे चालविला नाही.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील नाना-नानींची आठवण तर किनाऱ्यावरील गावांतून फिरताना पावलोपावली होते. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. रेल्वेच्या दुतर्फा तरुण संसारांची ही दाटी, आणि काही मैलांवर समुद्राच्या अंगाला मात्र मोठमोठे बंगले, आखाताच्या वा परदेशाच्या पैशातून बांधलेले, ज्यांच्या एका खोलीत दोन म्हातारी माणसे आणि उरलेल्या खोल्यांना कुलपे. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांतून बाप्तिस्मे आणि दफने यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की एका गावाचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहील; ते काम कोणा अभ्यासकाने करावे. वरचा मजला भाड्याने द्यावा तर भाडेकरू ‘आपल्यातला’ हवा, आणि आपल्यातला तरुण तर मेलबर्नला वा मोशीला. म्हातारपणी जमीन हीच पेन्शन असते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शेवटची पट्टी विकणाऱ्या विधवेला लोभी म्हणता येणार नाही, परंतु आपल्या कवितेत तिला जागा तरी कुठे आहे? तेथे विकणारा एक तर मूर्ख असतो वा नशेबाज.

मोशीचा उल्लेख सहज केलेला नाही. हे लिखाण आम्ही तेथूनच करीत आहोत. देहू आणि आळंदी यांच्या मधोमध, इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याच्या किती तरी आधी, १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने या परिसरातील शेतजमिनी संपादित केल्या होत्या, आणि मूळ मालकांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची वस्ती दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेली. चाकणचे मोटारींचे कारखाने आणि मोशीच्या सदनिका एकमेकांच्या आधाराने वाढल्या. या सदनिकांत वसईची माणसे आहेत, नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. रविवारी मिस्सा आटोपून परतताना त्यांच्या बोलण्यात वसईतील परक्यांचा विषय निघतो. त्यांच्या इमारतीखाली ज्याचे शेत होते तो शेतकरी समोरच्याच आळीत राहतो. नागेश्वर महाराजांच्या यात्रेत त्याची गाठही पडते. त्याच्या लेखी आपण कोण? वसईच्या कवितेत जो परका आहे, नेमका तोच.

या एका वस्तुस्थितीने वाडीच्या साहित्याचा पाया हलावयास हवा होता. तो हलला नाही, याचे कारण आमच्या मते असे की मोशीत राहणारा आपला लेखक लेखणी हाती घेताच वसईला पोहोचतो. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून तो रहाटाचा आवाज ऐकतो. खाली चाललेला खड्डा, टाकीभर पाण्यासाठी सोसायटीने मागविलेला टँकर, बांधावरचे उरलेले एक बाभळीचे झाड यांतले काही त्याच्या ओळीत येत नाही. विकणारे आणि विकत घेणारे एकाच घरात नांदतात, एकाचा पैसा दुसऱ्याच्या हप्त्याला लागतो, हा अनुभव मराठीत दुसऱ्या कोणाजवळ इतका सलग नसेल.

आणि इंद्रायणीच्या काठावर बसून तरी कागदांचे विस्मरण होऊ नये. तुकोबांविषयी अशी कथा परंपरेने सांगतात की वडिलार्जित सावकारीची खतपत्रे त्यांनी धाकट्या भावाबरोबर निम्मी वाटून घेतली. भावाचा वाटा भावाच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते नदीत बुडविली. आपल्या वसई धर्मप्रांताचे पहिले महागुरू आणि पुढे पुण्याचे महागुरू झालेले थॉमस डाबरे यांनी तुकोबांवर प्रबंध लिहिला, ही आपल्या समाजाची अभिमानाची गोष्ट आहे. त्या कथेत वैराग्य तर आहेच. पण वाटणी आधी चोख झाली आहे, हेही पाहण्यासारखे आहे.

आणखी एक सूचना, आणि ती घाईची आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन मानून कसणाऱ्यास मालक केले. ज्या घरांतील आजोबा कूळ होते त्यांची ‘पिढ्यानुपिढ्यांची’ मालकी त्या तारखेपासून सुरू होते; कसणे मात्र कितीतरी जुने. वडिलांच्या नावावर जमीन चढताना ज्यांनी लहानपणी पाहिले, ती माणसे आज ऐंशीच्या पलीकडे आहेत. कोणी किती पट्ट्या केल्या, बावखल कोणत्या साली भरले, कोणत्या बहिणीने सही केली आणि कोणती सही न करता परत गेली, हे त्यांना सनावारीसह सांगता येते, आणि विचारले तर ती सांगतात, कादोडीत वा वाडवळीत, कवितेतल्यापेक्षा कमी शब्दांत. मे महिन्याच्या सुटीत मोशी-चिंचवडहून वसईला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. नातवंडांनी एक वही सोबत न्यावी.