‘घाशीराम कोतवाल’: एका नाटकाचे पाठभेद

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’च्या भरतवाक्यांत राजाचें नांव सर्व पोथ्यांत एकच नाहीं, हें संस्कृतज्ञ वाचकांस विदित आहेच. कोठें चंद्रगुप्त, कोठें अवंतिवर्मा, तर कोठें दंतिवर्मा. मूळ पाठ कोणता, हा वाद कविकालनिर्णयास आवश्यक खरा. परंतु आम्हांस त्यांतील दुसरी एक गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. कथा मौर्यांची असली तरी आशीर्वाद समोर बसलेल्या राजास द्यावयाचा, म्हणून नांव पालटलें असावें. प्रेक्षक पालटला कीं नाटकाचा अर्थ पालटतो, व कधीं कधीं तो पालट कागदावर उमटतो. संग्राहकांनीं तो अशुद्ध म्हणून टाकूं नये, हें एका अलीकडील मराठी नाटकावरून दाखविण्याचा येथें हेतु आहे.

घाशीराम हा पुण्याचा कोतवाल. १७९१ सालीं त्याच्या कैदेंत कोंडलेले कित्येक तैलंग ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलें, आणि नाना फडणविसांस आपला कोतवाल जमावाच्या स्वाधीन करावा लागला. जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारलें. ही हकीकत जेम्स फोर्ब्स याच्या १८१३ च्या ग्रंथांत आली. १८६३ सालीं मोरोबा कान्होबा यांनीं घाशीरामाच्या नांवानें पुस्तक लिहिलें. आणि १६ डिसेंबर १९७२ रोजीं विजय तेंडुलकरांचें नाटक पुण्यांत रंगभूमीवर आलें.

पुणेकर प्रेक्षकांपैकीं अनेकांनीं त्यांत नानांची व ब्राह्मणवर्गाची बदनामी पाहिली. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलें. पुढें १९७३ सालीं थिएटर अकॅडमी स्थापन होऊन तें पुन्हा उभें राहिलें. १९८० सालीं तें युरोपांत निघालें तेव्हां वाद न्यायालयापर्यंत गेला, व नाना थोर मुत्सद्दी होते अशा आशयाचें निवेदन प्रयोगापूर्वीं वाचण्याचें ठरलें. ज्या परदेशी प्रेक्षकास नाना हें केवळ एक नांव, त्याच्यासाठीं नाटकास ही नवी नांदी जोडली गेली. हा पाठभेद नव्हे तर काय?

नाटक ऐतिहासिक नाहीं, असें तेंडुलकरांनीं स्वतः म्हटलें आहे. तें आम्हांस अर्धेंच मान्य आहे. घाशीरामाच्या मुलीचें कथानक इतिहासास प्रमाण म्हणून चालणार नाहीं. परंतु नानांच्या जागीं कल्पित राजा घातला असता, तर नाटक इतकें झोंबलें नसतें. इतिहासाकडून नांव उसनें घ्यावयाचें आणि हिशेब द्यावयाचा नाहीं, हा व्यवहार सरळ नव्हे. तथापि सत्ताधीशानें हस्तक निर्माण करावा, त्याच्याकडून कामें करवून घ्यावीं व लोकक्षोभ होतांच त्यास पुढें लोटून आपण सुटावें, हें त्यांतील सत्य नाकारतां येत नाहीं. विद्यार्थिदशेंत आम्हीं हें नाटक निंद्य ठरवून बाजूस सारलें होतें. तो निर्णय उतावळा होता.

आमचें किनवट तेलंगणाच्या सीमेवरचें. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यांत होता. येथें मराठीबरोबर तेलुगुहि कानीं पडते. मध्यंतरीं आमच्या ओसरीवर माजी विद्यार्थ्यांसह हें नाटक वाचलें, तेव्हां नानांच्या अब्रूविषयीं कोणींच विचारलें नाहीं. ज्याच्या घरीं तेलुगु बोलतात अशा एकानें मात्र विचारलें, “गुरुजी, जे कोंडून मेले, त्यांचीं नांवें काय?”

आम्ही निरुत्तर झालों. नाटकांत त्यांस नांवें नाहींत, हें एक वेळ क्षम्य आहे. परंतु तीस वर्षें आम्हीं ही घटना वर्गांत सांगितली, ती नाना व घाशीराम यांचीच म्हणून सांगितली. ज्यांच्या मरणानें ती घडली ते आमच्याहि कथेंत निमित्तमात्र राहिले. पुण्यानें नाटकांत नाना पाहिले, किनवटानें मेलेले पांथस्थ पाहिले; दोन्ही वाचनें त्याच संहितेचीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती दुहेरी आहे. छापील संहितेवर संतुष्ट न राहतां प्रयोगांच्या हस्तपत्रिका, काटछांट केलेल्या नकला व १९८० च्या निवेदनाच्या प्रती जपाव्या. प्रेक्षकांचा इतिहास त्यांतच आहे. आणि कोणाच्या दप्तरांत १७९१ च्या सुमाराच्या दक्षिणेच्या याद्या असल्यास त्यांत तैलंग ब्राह्मणांचीं नांवें शोधावीं. एक जरी हातीं लागलें, तरी त्या मुलास उत्तर देतां येईल.