चित्रासमोर उभे राहताना

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईस येणारी कुटुंबे गेटवे पाहतात, वस्तुसंग्रहालय पाहतात, आणि मग पाय दुखू लागले म्हणजे काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत शिरतात. आत सावली असते आणि तिकीट नसते. त्या दारापाशी मी पुष्कळदा उभा राहिलो आहे, आणि तेथले एक दृश्य मला आता पाठ झाले आहे. पुढे वडील, मध्ये मुले, सर्वांत मागे पाण्याची बाटली सांभाळणारी आई. भिंतीच्या कडेकडेने एक फेरी होते. पंगतीत वाढपी एकेका पानापुढे थांबतो तेवढाच वेळ ही मंडळी एकेका चित्रापुढे थांबतात, आणि चार मिनिटांत पुन्हा दाराशी येतात. तेथे वडील हलक्या आवाजात म्हणतात, "आपल्याला काही यातले कळत नाही बुवा!"

या वाक्यात नम्रता किती आणि निकाल किती, हे सांगणे अवघड आहे. मात्र एक गोष्ट खरी, की हाच गृहस्थ इतरत्र इतका नम्र नसतो. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीतील नायिका शेवटी का मेली, याचा जाब मला किराणा दुकानात, हातात डाळीचा पुडा असताना विचारण्यात आला आहे. नाटक पडले तर प्रेक्षक मध्यंतरातच सांगतो. गवय्याचा सूर ढळला तर मागच्या रांगेतला म्हातारा मान हलवतो. जहांगीरचे दालन 1952 साली उघडले. त्याला सत्तरांहून अधिक वर्षे लोटली. इतक्या वर्षांत आमचा हा बोलका रसिक चित्रापुढे मात्र मुका का राहिला?

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच एका चुकीत सापडले. ती चूक सांगतो.

2020 च्या जानेवारीत मी आईला घेऊन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो होतो. ही वास्तू म्हणजे पूर्वीचे सर कावसजी जहांगीर सभागृह. एके काळी सभांनी आणि मैफलींनी गाजलेले हे सभागृह 1996 पासून चित्रांचे घर झाले आहे. त्या दिवसांत तेथे सुधीर पटवर्धन यांच्या आजवरच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन मांडले होते. आईचे शिक्षण चौथीपर्यंत, माझे मॅट्रिकपर्यंत. पण मी पडलो मास्तर! हातात माहितीपत्रक धरून मी पुढे चाललो होतो आणि प्रत्येक चित्राशेजारची पाटी तिला मराठीत समजावून देत होतो: नाव काय, साल कोणते, रंग तेलाचे की पाण्याचे. ती "हं" म्हणत होती. एका मोठ्या चित्रापाशी मात्र ती थांबली ती थांबलीच. चित्रात शहर होते आणि शहरात पुष्कळ माणसे होती. मी दोन चित्रे पुढे जाऊन परत आलो, तेव्हा ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "काय रे, ही माणसं कामावर निघालीत की कामावरून परत चाललीत? जेवली असतील का?"

शेजारी उभ्या असलेल्या दोन तरुण मुलींनी वळून पाहिले. मला संकोच वाटला. मी म्हणालो, "आई, हळू बोल. चित्राला असं विचारायचं नसतं गं."

ती गप्प झाली. उरलेल्या प्रदर्शनात ती चित्रांकडे कमी आणि माझ्या पाठीकडे जास्त पाहत होती.

संध्याकाळी लोकलने परतताना समोरच्या बाकावर एक माणूस डबा मांडीवर घेऊन बसला होता. हा कामावर निघाला आहे की कामावरून चालला आहे, असा प्रश्न माझ्या मनात आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला तो सोडविता येईना. मग ध्यानात आले की दुपारभर पाहिलेल्या चित्रांतील साले मला आठवत होती. चेहरा एकही आठवत नव्हता. आमच्या दोघांत चित्र पाहिले होते ते आईने. मी पाट्या पाहिल्या होत्या.

आईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हे पटवर्धनांची चित्रे जाणणारा कोणीही मान्य करील. हा चित्रकार 1949 साली पुण्यास जन्मला, वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाला, आणि 1975 पासून 2005 पर्यंत ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत राहिला. तीस वर्षे ज्याने माणसांच्या हाडांच्या छाया पाहिल्या, त्याने कॅनव्हासवर त्या माणसांना पुन्हा रक्तमांस चढविले. 'इराणी रेस्टॉरंट' (1977), 'ट्रेन' (1980), 'पोखरण' (1991), 'लोअर परळ' (2001) ही नुसती नावे वाचली तरी आपल्याच रस्त्यांवरून चालल्यासारखे वाटते. त्यांतली माणसे घोषणा देणाऱ्या भित्तिपत्रकातील कामगारांसारखी छाती काढून उभी नाहीत, आणि पाहणाऱ्याने हळहळावे म्हणून वाकलेलीही नाहीत. ती जड आहेत, थकलेली आहेत, आणि कशाच्या तरी मधोमध आहेत: घराच्या आणि कामाच्या, गावाच्या आणि शहराच्या. 'निघालीत की परत चाललीत?' हा प्रश्न या चित्रांच्या अगदी गाभ्याशी जाऊन पोहोचतो. आईने तो पाच मिनिटांत गाठला.

शिवाय त्यांच्या मोठ्या शहरचित्रांना एकच एक दृष्टिकोन नसतो. येथून पाहिलेला रस्ता, तेथून पाहिलेला पूल, वरून पाहिलेली वस्ती अशी निरनिराळी दृश्ये एकमेकांत गुंफलेली असतात. त्यामुळे अशा चित्रात डोळ्यांनी पायी हिंडावे लागते. चार मिनिटांत त्याची फेरी होत नाही. माझी एक तक्रारही नोंदवून ठेवतो. अलीकडच्या काही भव्य फलकांत रचना इतकी नेटकी बसते, की माणूस त्या रचनेचा एक तुकडा होऊन राहतो आणि त्याच्या जेवणाची चिंता आपल्याला वाटेनाशी होते. ही तक्रार चुकीची असेल. पण ती करण्याचा मला अधिकार आहे असे मला वाटते, कारण या चित्रांपुढे मी पुढे अनेकदा, पाटी न वाचता, उभा राहिलो आहे.

येथे कोणी म्हणेल, पटवर्धनांच्या चित्रांत माणसे तरी आहेत. जेथे नुसतेच रंग आहेत तेथे तुमच्या मातोश्रींनी काय विचारावे? आक्षेप रास्त आहे. तेव्हा वासुदेव गायतोंडे यांच्याकडे जाऊ. नागपुरास 1924 साली जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार 2001 साली वारला. रूळ आणि सुरी यांनी रंगाचे थर चढवीत, खरवडीत तो वर्षाकाठी मोजकीच चित्रे करी, आणि त्यांना बहुधा नावेही देत नसे. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचे मोठे प्रदर्शन भरले. 2015 साली मुंबईच्या लिलावात त्याचे एक चित्र 29 कोटी रुपयांवर गेले. वर्तमानपत्रांनी यांतला लिलाव मोठ्या अक्षरांत छापला. तेव्हापासून गायतोंड्यांच्या चित्रापुढे लोक थांबतात खरे. पण ते चित्र पाहत असतात की कोटी मोजत असतात, हे सांगता येत नाही. किंमत हीसुद्धा एक पाटीच आहे, आणि ती सर्वांत ठळक अक्षरांत लिहिलेली असते.

गायतोंड्यांच्या चित्रापुढे मी प्रथम उभा राहिलो तेव्हा मला काहीही झाले नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. एक पिवळसर, धुकट विस्तार. त्यावर कोठे कोठे न कळणाऱ्या लिपीसारख्या खुणा. मी कंटाळलो. पण बाहेर पाऊस होता आणि माझ्याजवळ छत्री नव्हती, म्हणून तेथेच बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने असे वाटू लागले की वरचा रंग पातळ होत चालला आहे आणि त्याखालून दुसरा एक रंग वर येत आहे. तळ्यातले पाणी निवळले म्हणजे तळ दिसू लागतो तसा. अर्थात चित्र बदलले नव्हते. माझी घाई निवळली होती. मला त्यात काय कळले, असे विचाराल तर आजही मला सांगता येणार नाही. पण ते एक स्थळ होते आणि मी तेथे होतो, एवढे मी सांगेन. 'कळणे' या एकाच क्रियापदाने आपण चित्राला मोजू पाहतो, ही आपली खरी अडचण आहे. ज्या गावी आपण राहून आलो, ते गाव 'कळले' का, असे कोणी विचारीत नाही.

पण मग पाट्या मुळी वाचूच नयेत काय? तसेही मी म्हणणार नाही. अतुल दोडिया यांची 'महालक्ष्मी' नावाची एक कलाकृती आहे. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, छायाचित्रांतूनच जाणतो. तरी गेली काही वर्षे दर दिवाळीस ती मला आठवते. दुकानाला असते तसले लोखंडी शटर आहे. त्यावर राजा रविवर्म्याची लक्ष्मी रंगविलेली आहे. त्याच्या छापखान्यातून निघून घरोघरच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसलेली, कमळावर उभी असलेली, आपल्या सर्वांच्या ओळखीची. शटर वर सरकविले की मागे दुसरे चित्र दिसते. वडिलांच्या डोक्यावरचा हुंड्याचा भार हलका व्हावा म्हणून तीन बहिणींनी एकाच वेळी गळफास घेतला, ते ते दृश्य.

हा प्रसंग सत्यघटनेवर आधारलेला आहे हे कोणी सांगितल्याखेरीज पाहणाऱ्याला उमगणार नाही. तेथे पाटी हवीच. पण माझा प्रश्न निराळा आहे. शटर उघडते तेव्हा बसणारा धक्का एकदाच बसतो. दुसऱ्या खेपेस मागे काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. मग ही कलाकृती दुसऱ्या खेपेस उरते काय? अनेक आधुनिक मांडण्या येथेच संपतात. कोडे सुटले की कोरडी सालेच हातात राहतात. 'महालक्ष्मी' मला संपलेली वाटत नाही. कारण दुसऱ्या खेपेस भय वाटते ते बंद शटरचे. लक्ष्मी तशीच प्रसन्न, तीच कमळे. आणि तिच्या पाठीमागे काय आहे हे आता आपण जाणतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतून जाताना, झेंडू बांधलेली दुकाने पाहताना, हे चित्र माझ्याबरोबर चालत असते. ते माझा सण बिघडवीत नाही. पण घरात मुलीच्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या आणि 'देण्याघेण्याचे' शब्द कोणी काढले, तर मला पूर्वीसारखे गप्प बसता येत नाही. कलेने माणूस सुधारतो असा माझा दावा नाही. तिने माझे एक शटर कायमचे अर्धवट उघडे ठेवले, एवढेच मी म्हणतो.

तेव्हा माझी कसोटी ही: ज्याच्यापुढे अधिक वेळ उभे राहिल्यावर अधिक मिळते, आणि घरी आल्यावर जे आपल्याबरोबर येते, ते चांगले. ज्याचे सर्व सामर्थ्य पाटीतच आहे, त्याला पाहणाऱ्याने निःसंकोचपणे 'मला हे भिडले नाही' असे म्हणावे. 'कळले नाही' म्हणण्यात दोष आपल्याकडे येतो. 'भिडले नाही' म्हणण्यात चित्रालाही उत्तर द्यावे लागते. मात्र हे म्हणण्याचा हक्क चार मिनिटांच्या फेरीने मिळत नाही.

प्रदर्शने भरविणाऱ्यांकडेही एक मागणे आहे. भिंतीवर लावलेली कित्येक निवेदने अशा इंग्रजीत असतात, की ती वाचून इंग्रजी जाणणाराही अडाणी ठरतो. आपल्या भाषेत चित्राविषयी बोलता येत नाही, ही समजूत खोटी आहे. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चित्रकाराने 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीतच लिहिले. स्वतः पटवर्धनांनी 2008-09 च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचे एक प्रदर्शन मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील शहरांतून हिंडविले, आणि त्याला नाव दिले 'विस्तारणारी क्षितिजे'. भाषा आहे, चित्रे आहेत, पाहणारेही आहेत. त्या तिघांची गाठ घालून देणारी माणसे थोडी आहेत. आणि माझ्यासारखी गाठ सोडविणारी पुष्कळ आहेत.

या सुट्टीत मुलांना घेऊन प्रदर्शनास गेलात, तर सारे दालन पाहण्याचा हट्ट धरू नका. दोन चित्रे पाहा. मुलाने काही विचारले, म्हातारीने काही विचारले, तर "हळू" म्हणू नका. इतके चार लोकांनी वळून पाहिले तरी चालेल.

गेल्या पाडव्याला मी आईला सहज म्हणालो, "त्या वेळी मी तुला गप्प केलं, ते चुकलं माझं." तिला प्रसंग आठवेना. चित्र मात्र आठवले. चकलीचा सोऱ्या फिरविता फिरविता ती म्हणाली, "ती माणसं होय! घरीच चालली होती रे ती. नंतर माझ्या लक्षात आलं. पण तू पुढे निघून गेला होतास."